क्लेव्हरर की मोर क्लेव्हर? शिकवणीतल्या मुलांना नेमकं काय सांगू?

अंगणातली शिकवणी (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

मी अकोले तालुक्यातल्या एका वाडीत राहते. संध्याकाळी घरच्या अंगणात शिकवणी घेते. सातवी ते दहावीची मिळून अकरा मुलं येतात. माझं सगळं शिक्षण मराठीतून झालं, बी.ए.सुद्धा मराठी विषय घेऊनच. पण वाडीत इंग्रजी शिकवायला दुसरं कोणी नाही, म्हणून आधी मी पुस्तकं आणून स्वतः शिकते आणि मग मुलांना शिकवते. आपल्याकडून पोरांना चुकीचं काही शिकवलं जाऊ नये याची फार धास्ती असते, म्हणून इथे विचारतेय.

मागच्या आठवड्यात आठवीतली एक मुलगी चाचणीचा पेपर घेऊन आली. रिकामी जागा भरा होतं. कंसात 'क्लेव्हर', पुढे 'दॅन हर ब्रदर'. तिने 'मोर क्लेव्हर' लिहिलं होतं. सरांनी लाल पेनने काट मारून वर 'क्लेव्हरर' लिहिलं आणि मार्क कापला. पोरगी रडवेली झाली होती, आणि मला तिच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, कारण 'मोर क्लेव्हर' मीच सांगितलं होतं.

मी मुलांना नियम असा दिला होता : शब्द लहान असेल तर शेवटी ई-आर लावा, लांब असेल तर आधी मोर लावा. टॉल-टॉलर, ब्यूटिफुल-मोर ब्यूटिफुल. मला स्वतःला शाळेत असंच शिकवलं होतं. त्यावर सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "लहान म्हणजे किती अक्षरी?" मी म्हटलं, दोन अक्षरी लहान, तीन किंवा त्याहून जास्त असली की लांब. त्याने काय केलं असेल? वहीच्या समासात सगळे शब्द मराठीत लिहिले आणि अक्षरं मोजली. स्मॉल दोन, म्हणून स्मॉलर. हॅपी दोन, म्हणून हॅपियर. इथपर्यंत ठीक. पुढे लाउड तीन, म्हणून 'मोर लाउड'. ब्राईट तीन, म्हणून 'मोर ब्राईट'. क्लिअर तीन, म्हणून 'मोर क्लिअर'. मी उत्तरं तपासली तर ती लाउडर, ब्राइटर, क्लिअरर अशी. त्याने मी सांगितलं तसंच केलं होतं, तरी चुकलं. मग त्याने इंग्रजी अक्षरं मोजून बघितली. 'स्ट्रेंज'ची सात अक्षरं भरली, तरी पुस्तकात स्ट्रेंजरच. त्याला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही.

आणि एक. काही मुलं 'मोर ईझियर', 'मोर टॉलर' असं दोन्ही लावतात. काही उलट काहीच लावत नाहीत : 'राम इज टॉल दॅन श्याम'. कितीही वेळा दुरुस्त केलं तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. हे का होतं?

जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

रात्रपाळी (प्रतिसाद)

ताई, सोपं आहे. एक सिलेबल (उच्चारातला एक तुकडा) असेल तर ई-आर, तीन असतील तर मोर. दोन असतील आणि शेवटी वाय असेल तर ई-आर, नाहीतर मोर. गुड-बेटर, बॅड-वर्स पाठ करून घ्या. झालं.

अंगणातली शिकवणी

धन्यवाद दादा. पण सातवीच्या मुलाला सिलेबल कसा दाखवायचा, तिथेच गाडी अडते. आणि दोन सिलेबलला मोर म्हणाल तर 'क्लेव्हर' दोनाचाच ना? मग मार्क का कापला?

खडूची पेटी (प्रतिसाद)

मी सातारा जिल्ह्यात ३३ वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. माझं वय बघता तुला 'अगं' म्हटलं तर चालेल ना?

तुझ्या त्या सातवीतल्या मुलाला माझ्याकडून शाबासकी दे. दिलेला नियम शेवटपर्यंत लावून बघणारं पोर वर्गात क्वचित भेटतं. तो चुकला नाही, त्याला दिलेली मोजपट्टी चुकीची होती. ती तुला दिली तुझ्या शाळेने, म्हणून तूही मनाला लावून घेऊ नकोस.

मोजायचं कानाने. डोळ्यांनी मोजायला गेलं की फसगत होते, आणि मराठी मुलाची दोनदा होते. आपण 'घर' लिहितो दोन अक्षरी, पण बोलताना शेवटचा अ गळून पडतो आणि 'घर्' असा एकच झटका ऐकू येतो. 'बाजरी' कागदावर तीन अक्षरी, तोंडात 'बाज्-री', दोनच. 'कळसूबाई' लिहिताना पाच अक्षरी, म्हणताना 'कळ्-सू-बा-ई', चार. तेव्हा लिहिलेलं अक्षर वेगळं आणि तोंडातला झटका वेगळा. त्यातून भाषाशास्त्राच्या मराठी पुस्तकांत सिलेबललाही 'अक्षर'च म्हणतात, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. मी वर्गात 'टाळी' म्हणायचे. घर एक टाळी, बाजरी दोन टाळ्या.

करायचं असं. हाताचा पंजा आडवा करून हनुवटीखाली टेकवायचा आणि शब्द सावकाश म्हणायचा. हनुवटी जितक्या वेळा हाताला दाबेल तितक्या टाळ्या. आधी चार-पाच दिवस फक्त मराठी शब्द घे : पाणी, भाकर, डोंगर, मुलांची स्वतःची नावं. नावांवर मुलं फार खूश असतात. हात बसला की इंग्रजीकडे वळ. 'टॉल' म्हटलं की हनुवटी एकदाच दबते. 'स्ट्रेंज' सात अक्षरांचा असला तरी एकदाच. 'आयडल', म्हणजे रिकामटेकडा, इंग्रजीत चारच अक्षरं, पण टाळ्या दोन. त्या मुलाला हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहून दे, इंग्रजी अक्षरं मोजून भागत नाही हे त्याचं त्यालाच कळेल.

आता लाउड आणि ब्राईट. यांतला स्वर जोडस्वर आहे, आपल्या औ आणि ऐ सारखा. 'गौर' म्हणताना आपण ग-उ-र असे तुकडे पाडत नाही, 'बैल' एका दमात म्हणतो. लाउड तसाच, ब्राईट तसाच. 'लौड', 'ब्रैट' असं लिहिलं असतं तर त्याची दोनच अक्षरं भरली असती. क्लिअरही शब्दकोशाच्या हिशेबाने एकाच टाळीचा.

एका टाळीच्या शब्दाला ई-आर. टॉलर, लाउडर, स्ट्रेंजर. स्पेलिंगची एक गोष्ट तेवढी सांग : शेवटी एकटा स्वर आणि त्याच्यामागे एकटं व्यंजन असेल तर ते व्यंजन दुप्पट होतं. बिगरला दोन जी, हॉटरला दोन टी, थिनरला दोन एन. स्वीट, डीप यांत दोन स्वर आहेत, म्हणून दुप्पट नाही. कोल्डच्या शेवटी दोन व्यंजनं, म्हणून तिथेही नाही. आणि डब्ल्यू कधीच दुप्पट होत नाही, न्यूअर, स्लोअर. माझ्या वर्गात मार्क सगळ्यात जास्त इथेच जायचे.

एका टाळीचे पण मोर घेणारे थोडे आहेत. रिअल, राइट, राँग, फन. शिवाय बोअर्ड, टायर्ड असे ई-डी लावून तयार झालेले शब्द. 'मोर टायर्ड'च म्हणायचं.

तीन आणि त्याहून जास्त टाळ्यांना मोर. ब्यूटिफुल, एक्स्पेन्सिव्ह, इंटरेस्टिंग. अपवाद सुरुवातीला 'अन' लागलेल्या शब्दांचा : हॅपीला हॅपियर, म्हणून अनहॅपीलाही अनहॅपियर चालतं, टाळ्या तीन असल्या तरी. हे दोन्ही टोकांचे शब्द पोरांना पटकन जमतात.

खरी गंमत दोन टाळ्यांच्या शब्दांत आहे. तुझ्या मुलीचा मार्कही तिथेच गेला. इथे टाळ्या मोजून झाल्या की शब्दाचं शेपूट बघायचं.

शेवटी वाय असेल तर ई-आर, आणि वायचा आय होतो. हॅपियर, लेझियर, हेव्हियर, ईझियर. इथे मनात शंकाच ठेवू नकोस.

शेवट फुल, लेस, अस, इंग, ई-डी असा असेल तर मोर. केअरफुल, यूजलेस, फेमस, बोअरिंग, वरीड. इथेही शंका नको. मॉडर्न, रीसेंट, ऑनेस्ट, अर्जंट हेही मोरच घेतात. अफ्रेड, अवेअर, अलोन असे सुरुवातीला 'अ' असलेले शब्दही मोर घेतात.

नॅरो, शॅलो असे ओ ऐकू येणारे आणि सिंपल, जेंटल, हम्बल असे ल वर संपणारे शब्द बहुतेक वेळा ई-आर घेतात. नॅरोअर, सिंपलर, जेंटलर. मोर लावलं म्हणून कोणी चूक म्हणू नये.

आणि मग उरतात क्लेव्हर, कॉमन, पोलाइट, क्वायट, स्टुपिड, प्लेझंट, हँडसम. यांना दोन्ही चालतं. क्लेव्हररही बरोबर, मोर क्लेव्हरही बरोबर. क्लेव्हरच्या शेवटी आधीच एक 'अर' आहे. त्यावर आणखी एक 'अर' ठेवताना जीभ अडखळते, म्हणून पुष्कळ लोक मोर क्लेव्हर म्हणतात. 'ईगर'चं उदाहरण घे, तोही 'अर' वर संपतो, पण ईगरर कोणी म्हणत नाही, मोर ईगरच.

तेव्हा तुझ्या मुलीचं उत्तर बरोबर होतं. सरांचंही बरोबर होतं. फक्त तिचं उत्तर काटायला नको होतं.

हे मी सरांना नावं ठेवायला सांगत नाहीये. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी मीही एका मुलीचं 'मोर कॉमन' काटलं होतं, कारण माझ्याजवळच्या गाइडात 'कॉमनर' होतं. दिवाळीच्या सुट्टीत मोठा शब्दकोश बघायला मिळाला तेव्हा कळलं की दोन्ही आहेत. सुट्टी संपल्यावर पहिल्याच तासाला तिला फळ्यापाशी बोलावलं, चूक माझी होती असं वर्गासमोर सांगितलं आणि मार्कांच्या वहीत दुरुस्ती केली. ती पुढे माझ्याकडेच दहावीपर्यंत शिकली. त्यानंतर दोन टाळ्यांच्या शब्दावर शब्दकोश उघडल्याशिवाय मी लाल पेन चालवला नाही. तूही एक चांगला शब्दकोश जवळ ठेव, ऑक्सफर्डचा शिकणाऱ्यांसाठीचा. विशेषणाची रूपं साधी नसतील तर त्यात शब्दाजवळच दिलेली असतात.

परीक्षेत पोराला काहीच आठवलं नाही तर? दोन टाळ्या आणि शेवटी वाय नसेल, तर मोर लिहावं. त्यात चुकण्याचा धोका कमी.

तुझा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर आपल्या मराठीत आहे. "ही चटणी कालच्यापेक्षा तिखट आहे." यात 'तिखट' बदललं का? नाही. तुलनेचा सगळा भार 'पेक्षा'ने उचलला. मूल हेच वाक्य इंग्रजीत नेतं, 'पेक्षा'ला दॅन ठेवतं आणि विशेषणाला हात लावत नाही. झालं 'टॉल दॅन श्याम'. दुसरं वाक्य घे : "ही चटणी कालच्यापेक्षा जास्त तिखट आहे." आता 'जास्त' आलं. मूल 'जास्त'ला मोर ठेवतं, तेवढ्यात बाईंनी सांगितलेलं ई-आर आठवतं, तेही लावतं. झालं 'मोर स्पायसियर'. दोन्ही चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. मूल आपल्या भाषेशी प्रामाणिक राहून चुकतंय.

म्हणून नुसतं दुरुस्त करून उपयोग होत नाही. मी फळ्यावर मराठी वाक्य लिहून 'पेक्षा'भोवती चौकोन काढायचे आणि सांगायचे : इंग्रजीत हा भार दोघांनी वाहायचा असतो. दॅन एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला ई-आर किंवा मोर, यांतला एकच. दोन बैलांची जोडी, तिसरा जुंपायचा नाही. शेतकऱ्यांच्या मुलांना हे एकदा सांगितलं की पुरायचं.

'त्याच्यापेक्षा खूपच मोठा'साठी मुलं 'व्हेरी बिगर' लिहितात, तेही बघ. तिथे 'मच बिगर'.

ज्ञानगंगा (प्रतिसाद)

बाईंचा प्रतिसाद छापून ठेवावा असा आहे. मी संस्कृतची विद्यार्थिनी, थोडी भर घालते. विषयाला धरूनच आहे.

आपण 'तारतम्य' म्हणतो ना, तो शब्दच तर आणि तम या दोन प्रत्ययांवरून आला. लघु, लघुतर, लघुतम. पण संस्कृतात तुलनेची दुसरीही रीत आहे, ईयस् आणि इष्ठ. 'स्वर्गादपि गरीयसी' मधलं गरीयसी हे 'गुरु'चं तुलनेचं रूप, स्वर्गाहूनही थोर. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ हे सगळे इष्ठवाले. म्हणजे एकाच कामाला दोन रिती असणं ही इंग्रजीचीच खोड नाही. ईयस्-इष्ठ कोणत्या शब्दांना लावायचे याला पाणिनीनेही मर्यादा घातली आहे : ते फक्त गुण सांगणाऱ्या शब्दांना लागतात. तर-तमला तशी अडकाठी नाही.

इंग्रजीचा ई-आर आणि आपला ईयस्, तसंच ई-एस-टी आणि इष्ठ, हे एकाच मुळातून आलेले प्रत्यय आहेत. 'स्वीट' आणि 'स्वादु'ही एकाच मुळाचे. म्हणून 'स्वीटेस्ट' आणि 'स्वादिष्ठ' हे शब्द तुकड्या-तुकड्याने जुळतात. मराठीत आपण आता ट लिहितो, मूळ संस्कृतात ठ आहे. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी आईला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं होतं.

गुड-बेटर असं का, गुडर का नाही, हा प्रश्नही मुलं विचारतात. आपल्याकडेही तेच आहे. 'प्रशस्य', म्हणजे चांगला, याची तुलनेची रूपं श्रेयस् आणि श्रेष्ठ. मूळ शब्द एक, रूपं दुसऱ्याच धातूची. पाणिनीचं त्यासाठी सूत्र आहे, 'प्रशस्यस्य श्रः'. रोजच्या वापरातले शब्द असे वेडेवाकडे राहतात, कारण ते माणसं लहानपणीच ऐकून शिकतात.

आणि 'मोर ईझियर'वाल्या मुलांची बाजू घेऊन एक. शेक्सपिअरच्या नाटकांत मोर आणि ई-आर एकत्र लावलेले सापडतात, तेव्हा ती चूक समजत नसत. रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ साली काढलेल्या इंग्रजी व्याकरणात अशी दुहेरी तुलना अयोग्य ठरवली. आपणही 'सर्वश्रेष्ठ', 'श्रेष्ठतम' म्हणतोच, खरं तर श्रेष्ठमध्येच सगळ्यांत चांगला हा अर्थ आला. इंग्रजी 'नीअर'ची गोष्ट तर फारच छान आहे. तो मुळात 'नाय' या जुन्या शब्दाचं तुलनेचं रूप, 'अधिक जवळ' अशा अर्थाचं, आणि 'नेक्स्ट' म्हणजे सगळ्यांत जवळचं. लोक हे विसरले, नीअर म्हणजे नुसतं जवळ असं झालं, आणि त्यावर पुन्हा ई-आर चढवून नीअरर केलं. ते आज शुद्ध आहे.

परीक्षेत मात्र मोर ईझियर लिहू देऊ नका.

पूर्वपरीक्षा (प्रतिसाद)

मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. बाई, एक शंका. 'कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र' हे वाक्य मी लिहिलं तर क्लासमध्ये चूक दिलं. 'एनी अदर पीक' पाहिजे म्हणाले. एका शब्दासाठी वाक्य चूक कसं?

शिवाय 'ही इज एल्डर टू मी' बरोबर की 'दॅन मी'? ऑफिसात सगळे 'टू' म्हणतात.

खडूची पेटी

क्लासमध्ये बरोबर सांगितलं. कळसूबाई स्वतः महाराष्ट्रातलंच शिखर आहे, १६४६ मीटर. 'एनी पीक'मध्ये तीही आली, म्हणजे ती स्वतःहूनच उंच ठरते. 'अदर' घातलं की ती बाजूला निघते आणि बाकीच्यांशी तुलना होते. आता 'एव्हरेस्ट इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र' लिही. इथे अदर नको, एव्हरेस्ट आपल्या राज्यातलं नाही. दहावीला तुलनेची 'डिग्री बदला' म्हणून जे प्रश्न येतात त्यांत हाच सापळा असतो. 'नो अदर पीक इन महाराष्ट्र इज अ‍ॅज हाय अ‍ॅज कळसूबाई' इथेही अदर हवंच, आणि हाय साधंच राहतं, हायर नाही. ज्या मुलीने शिकवणीचा धागा काढला तिने मुलांना हीच वाक्यं द्यावीत. ती अकोल्याची आहे, शिखर त्यांच्याच तालुक्यात आहे. साल्हेर १५६७ मीटर, तेही घे : 'साल्हेर इज लोअर दॅन कळसूबाई'.

एल्डरचं असं. 'माय एल्डर ब्रदर' बरोबर. पण एल्डरच्या पुढे दॅनही येत नाही आणि टूही येत नाही. 'ही इज ओल्डर दॅन मी' लिहायचं. टू ची सवय सीनिअर, ज्युनिअरवरून लागली. सीनिअर, ज्युनिअर, सुपीरिअर, इन्फीरिअर हे लॅटिनमधून आलेले आयते तुलनेचे शब्द, त्यांना टू लागतं आणि मोर लागत नाही. 'मोर सुपीरिअर' लिहू नकोस.

ज्ञानगंगा

ज्युनिअर म्हणजे आपला यवीयस्, 'युवन्'चं तुलनेचं रूप. मूळ एकच. राहवलं नाही म्हणून लिहिलं.

अंगणातली शिकवणी

बाई, 'अगं' म्हणालात ते फार बरं वाटलं.

चार दिवस हनुवटीखाली हात ठेवून टाळ्या मोजतोय. पहिल्या दिवशी फक्त नावं घेतली. अंगणात इतका गलका झाला की शेजारच्या काकू बघायला आल्या, मग त्यांनीही स्वतःचं नाव मोजलं. दुसऱ्या दिवशी गावांची नावं. राजूर दोन, भंडारदरा चार भरली, लिहिताना मात्र पाच अक्षरं. तिसऱ्या दिवशी इंग्रजी. सातवीतल्या त्या मुलाने जुन्या समासातले सगळे शब्द पुन्हा मोजले आणि अक्षरांच्या आकड्यांपुढे टाळ्यांचे आकडे लिहिले. लाउडपुढे तीन खोडून एक केला. मग स्वतःच म्हणाला, "ताई, स्ट्रेंजची सात अक्षरं आहेत पण तोंड एकदाच उघडतं." तेवढ्यासाठी मी चार दिवस थांबले होते.

चटणीचं वाक्य मी भाकरीवर नेलं, कारण आमच्याकडे रोज संध्याकाळी त्याच वेळी चूल पेटते आणि मुलांना वास येतो. 'आजची भाकरी कालच्यापेक्षा मऊ आहे.' 'पेक्षा'ला चौकोन काढला. बैलांची जोडी सांगितली. 'सॉफ्ट दॅन' लिहिणारी तीन मुलं होती, त्यांतल्या दोघांनी काल सॉफ्टर लिहिलं. तिसऱ्याने 'मोर सॉफ्टर' लिहिलं, म्हणजे तीन बैल जुंपले. त्याला आणखी आठवडा देते.

कळसूबाईची वाक्यं दहावीच्या मुलांना दिली. एकीने अदर विसरून वाक्य लिहिलं, तर दुसरी म्हणाली, अगं, डोंगर स्वतःच्याच डोक्यावर चढला की. तिला आता विसर पडेल असं वाटत नाही.

क्लेव्हरवालीला शब्दकोश दाखवला. दोन्ही रूपं तिने स्वतः बोट ठेवून वाचली. ते पान घेऊन सरांकडे जायचं का, असं विचारत होती. मी काय सांगू?

खडूची पेटी

जाऊ दे. पण मार्क मागायला म्हणून नाही, विचारायला म्हणून. "सर, शब्दकोशात दोन्ही दिलंय, मी कोणतं लिहू?" असं मधल्या सुट्टीत एकटीने विचारावं, वर्गात सगळ्यांसमोर नको. मला जर त्या वर्षी कोणी असं येऊन विचारलं असतं तर मी दिवाळीपर्यंत चुकत राहिले नसते. मार्क मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तरी पुढच्या पेपरात तिच्या मागून येणाऱ्या मुलाचा वाचेल.

तीन बैलवाल्या मुलाकडून लिहून घेऊ नकोस, आठवडाभर फक्त तोंडी घे. सॉफ्टर, सॉफ्टर दॅन, सॉफ्टर दॅन यस्टरडेज. कानात बसलं की हातातून मोर आपोआप गळेल.

अंगणातली शिकवणी

सोमवारी ती विचारणार आहे. तोंडी आजपासूनच सुरू करते.

बाई, शेवटचं एक. काल 'क्वायट'वर आमचं भांडण झालं. निम्मी मुलं म्हणतात एक टाळी, निम्मी म्हणतात दोन. मीही दोनदा मोजलं, दोन्ही वेळा वेगळं आलं.

खडूची पेटी

दोघांचंही बरोबर असणार, कारण ते दोन वेगळे शब्द आहेत आणि मराठीत लिहिताना आपण त्यांना सारखंच लिहितो. शांत या अर्थाचा क्वा-यट, दोन टाळ्या, स्पेलिंगमध्ये शेवटी ई-टी. त्याचं क्वायटर होतं, मोर क्वायटही चालतं. दुसरा क्वाइट, 'बऱ्यापैकी' अशा अर्थाचा, एक टाळी, शेवटी टी-ई. तो विशेषण नाही, त्याला ई-आर ही नाही आणि मोरही नाही. दोन्ही फळ्यावर एकाखाली एक लिही, आणि ज्यांनी एक म्हटलं त्यांना विचार, त्यांच्या डोक्यात कोणता होता.